रकान्यातले चोवीस तास

कागद एकच होता आणि त्यावर कामाची ओळही एकच. 'नमुन्यातील डीएनए फार तुटलेला असल्याने मिथिलेशन तपासणी होऊ शकली नाही.' सकाळी साडेनऊला वरच्या मजल्यावरून लिफाफा आला. मी एप्रनला हात पुसून तो फोडला, वाचला, परत लिफाफ्यात घातला आणि लगेच परत काढला. ओळ तीच होती. वर नावाच्या जागी माझ्या वहिनीचं नाव, वय सत्तर, मेंदूतली गाठ, डावी बाजू. आणि अगदी खाली, कुणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, माझ्याच फॉर्मवरून उतरवून घेतलेलं: फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्याचा काळ, चोवीस तास. ते चोवीस वाचलं आणि माझे कान तापले. शाळा सुटल्यापासून असे कान तापले नव्हते. खोलीत कुणी नव्हतं. मेण वितळवायचं यंत्र गुरगुरत होतं, नळ नेहमीसारखा ठिबकत होता. तरी मी तो कागद पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर पात्यांचा डबा ठेवला. एकोणसाठ वर्षांचा घोडा, रिकाम्या खोलीत कागद लपवतोय. पहिली लाज वाटली ती याचीच.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ऑपरेशनमध्ये माणसाचा जो तुकडा काढतात तो फॉर्मॅलिनच्या बरणीत बुडून इस्पितळाच्या तळमजल्यावर माझ्याकडे येतो. फॉर्मॅलिननं तो टिकतो, घट्ट होतो. मग मी तो मेणात बसवतो, मेणाचा छोटा ब्लॉक होतो, ब्लॉकच्या केसाहून पातळ चकत्या कापून काचेवर चढवतो, रंगवतो, आणि वर मॅडम त्या काचा दुर्बिणीखाली बघून आजाराचं नाव सांगतात. चौतीस वर्षं हेच. सगळे मला मेणकाका म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये साधारण एक दिवस असावा. कमी राहिला तर आतून कच्चा राहतो, फार राहिला तर त्यातला डीएनए तुटत जातो. पूर्वी याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, कारण आजाराचं नाव तुटक्या डीएनएवरूनही सांगता येतं. पेशींचा आकार दिसला की झालं. मग या नव्या तपासण्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर फॉर्मवर एक नवा रकाना आला: काळ किती. पहिल्या आठवड्यात मी घड्याळ बघून तो भरला. मग एके दिवशी घाई होती, चोवीस लिहून टाकलं. कुणी काही विचारलं नाही. शुक्रवारी आलेली बरणी सोमवारी उघडली, चोवीस. दुपारी आलेली, संध्याकाळी आलेली, सुट्टीत पडून राहिलेली, चोवीस. पुढे पुढे तर मी सकाळी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन सगळ्यांवर आधीच चोवीस घालून ठेवायचो, चहा येईपर्यंत हातासरशी. मला ते खोटं वाटतच नव्हतं. नाव लिहितात तशी ती जागा भरायची असते, इतकंच.

वहिनी घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई गेलेली, वडील फिरतीवर, आणि दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि घरी आल्यावर माझ्याही चुका तपासायचा. वहिनी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दूध घेणार का?" तुम्ही! मी मागे वळून बघितलं, मागे कोण उभं आहे म्हणून. तोवर मला सगळे अरेतुरे करायचे, निम्मे लोक नुसतं 'ए' म्हणायचे. मला माणसात घेणारी ती पहिली. मी मात्र तिला तूच म्हणत राहिलो, आई म्हणता येत नव्हतं म्हणून असेल. दुधावरची साय ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. वाटीत साय, वर साखर, वर ताटली, आणि ताटलीवर पाण्याचा तांब्या, कुणी उघडू नये म्हणून. मी खेळून कधी वेळेवर यायचो, कधी दिवेलागणीला उगवायचो, कधी मित्राकडेच जेवायचो. तोवर साय नासलेली असायची. ती मुकाट्यानं वाटी उचलायची आणि दुसऱ्या दिवशी परत वाटी, साखर, ताटली, तांब्या. एकदा मी विचारलं, "नासते तर ठेवतेस कशाला?" ती म्हणाली, "तुमच्या नावाची असते ती. सगळ्यांच्यात कशी ओतू?"

यंदा तिचे शब्द हरवायला लागले. आधी आम्ही हसलो. किल्लीला ती भांडं म्हणाली, दादा म्हणाला, "आता भांड्यानं कुलूप उघड," आणि तीही हसली. मग तिला दादाचं नाव आठवेना. ती त्याच्याकडे बघत राहिली, ओठ हलत होते, आणि दादानं, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त केले, त्यानं स्वतःचं नाव तिला हळू आवाजात सांगितलं. डोक्याचे फोटो काढले, गाठ दिसली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं सर्जनला थांबवून, अडखळत, तीनदा सुरुवात करून सांगितलं, "आमचे भाऊजी खाली... खालीच असतात. त्यांच्या हातात द्या. म्हणजे काळजी नाही." सर्जन हसले. मी दाराशी उभा होतो आणि छाती फुगवून उभा होतो. ते आठवलं की आजही कुठे तोंड लपवू असं होतं.

मंगळवारी दुपारी दोन बरण्या आल्या. एकीत तांदळाएवढे दोनतीन कण, दुसरीत बोराएवढा चांगला तुकडा. कण मी नेहमीच्या रांगेत लावले. रात्रभर चालणाऱ्या यंत्रात तीसचाळीस जणांचे तुकडे एकदम जातात, तसे तेही गेले. पण मोठा तुकडा? तो या गर्दीत ढकलायला माझं मन घेईना. म्हटलं, हा आपण उद्या निवांत, हातानं करू. तिची बरणी मला घाणेरडी वाटली, म्हणून मी तिच्यातलं पाणी बदलून ताजं फॉर्मॅलिन घातलं. फॉर्मॅलिन आपोआप आंबट होत जातं, ते होऊ नये म्हणून त्यात दोन क्षार मिसळावे लागतात. ते क्षार त्या आठवड्यात संपले होते आणि मी आजच्यापुरतं म्हणून नुसतंच कालवलं होतं. बरणी पुसली, झाकण घट्ट लावलं आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, माझ्या डब्यामागे, बाजूला ठेवली. कुणाचा हात लागू नये म्हणून. बुधवारी कणांचं पुढचं काम मदतनिसावर सोपवून दिवसभर मी वहिनीच्या खाटेशी होतो. मग सुट्टी जोडून आली, चार दिवस. सोमवारपासून मी स्वतःच रजा टाकली, तिला उठवायला, बसवायला दादाला एकट्याला जमेना. मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो, उशी सरळ करत होतो, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की सगळं आपल्या हाताखालून जातंय. आणि त्याच इमारतीत, दोन मजले खाली, फळीवर ती बरणी होती. मला ती एकदाही आठवली नाही. एकदाही. कणांवरून आजाराचं नाव कळलं होतं, वाईट होतं, आणि त्या धक्क्यात दुसरी बरणी कुणाच्याच ध्यानात नव्हती. दहाव्या दिवशी मॅडमनी विचारलं, "मोठ्या तुकड्याचा ब्लॉक कुठाय? मिथिलेशनला पाठवायचाय. कणांचा ब्लॉक कापून कापून संपलाय." तेव्हा मला ती वरची फळी आठवली. नऊ दिवस झाले होते. तुकडा काढला तर खोडरबरासारखा लागला. मी ब्लॉक केला, चकत्या कापल्या, फॉर्म घेतला. गठ्ठ्यातलाच फॉर्म. त्यावर चोवीस आधीच लिहिलेलं होतं. मला काही लिहावंसुद्धा लागलं नाही. फक्त खोडायचं होतं, आणि ते मी केलं नाही.

ही तपासणी कशासाठी, तेही सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलेलं होतं. अशा गाठीत दुरुस्ती करणारं एक जनुक असतं. औषधाच्या गोळीनं गाठीच्या पेशी मोडल्या की ते त्यांना पुन्हा सांधतं. काही गाठींत त्या जनुकाला रासायनिक कुलूप लागलेलं असतं, त्याला म्हणायचं मिथिलेशन. कुलूप असेल तर गोळी लागू पडते, माणसाला वर्ष मिळतं, कधी दोन. नसेल तर सत्तरीच्या बाईला गोळीचा नुसता त्रास, त्यापेक्षा किरण देऊन सोडलेलं बरं. वहिनीला दोन्ही एकदम झेपणार नाही, असं औषधाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कुलूप आहे की नाही ते बघितल्याशिवाय ते कशालाच हात घालत नव्हते. आणि गाठ काही रिपोर्टची वाट बघत थांबणारी नव्हती.

तर त्या सकाळी, पात्यांच्या डब्याखाली कागद ठेवून मी बसलो असताना वरून फोन आला. डीएनए काढणारी मुलगी होती, नोकरीला लागून वर्ष झालं असेल, मी तिला पिपेटवाली म्हणतो. आवाज रडवेला. "काका, मी तीनदा केलं हो. तीनदा भुगाच येतोय. चोवीस तासांच्या तुकड्याचं असं होत नाही, सर म्हणतात तुझ्याच हातून काहीतरी राहिलंय. माझ्या हातून काय राहिलं असेल?" आता या क्षणी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. मी म्हणालो, "होतं असं, पोरी. मनाला लावून घेऊ नकोस." आणि वर, देवा, वर मी तिला धीर दिला! "नवीन असताना माझ्याही हातून व्हायचं," म्हणालो. ती म्हणाली, "थँक्यू काका." फोन ठेवला आणि मी बराच वेळ हात धूत राहिलो.

अकराला मॅडम खाली आल्या. मॅडम फार बोलत नाहीत, चष्मा कपाळावर आणि हातात कायम पेन्सिल. "तुमच्या वहिनींचा वाचलात?" म्हणाल्या. मी मान हलवली. "चोवीस तासच होता ना?" मी म्हणालो, "लिहिलंय की, मॅडम." बघा, हो म्हणालो नाही. लिहिलंय म्हणालो. खोटं बोलतानासुद्धा मी कसं अंग चोरलं ते माझं मलाच कळत होतं. मॅडम म्हणाल्या, "मग वरच काहीतरी घोळ आहे. त्याच ब्लॉकमधून पुन्हा कापून द्या, नव्यानं करू दे त्यांना. दोन आठवडे जातील, पण इलाज नाही." आणि मी बसलो. यंत्राला पातं लावलं, वहिनीचा ब्लॉक बर्फावर गार केला, चाक फिरवलं. मेणाची रिबीन पात्यावरून सुरेख उतरत होती, एक चकती दुसरीला धरून. माझा हात छान आहे, चौतीस वर्षांचा आहे. यातून काही निघणार नाही हे मला एकट्याला माहीत होतं. मी त्या चकत्या इवल्या नळीत भरल्या, नळीवर तिचं नाव लिहिलं, आणि फॉर्मांच्या गठ्ठ्यातून वरचा फॉर्म घेतला. चोवीस. नळी मी वर पाठवली. हातून पाप घडणं म्हणजे काहीतरी मोठं घडत असेल असं मला वाटायचं. इथे तर मी रोजचंच काम करत होतो, तेही नीटनेटकं.

संध्याकाळी दादाकडे गेलो. न जाऊन सांगतो कुणाला. दादा दारातच, हातात रिपोर्टची प्रत. इस्पितळातून त्यालाही मिळाली होती. त्यानं ती टेबलावर पसरली होती आणि जुनी पेन्सिल घेऊन ओळीओळीखाली रेघा मारल्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, छापखाना सुटून जमाना झाला, पण कागद दिसला की तपासल्याशिवाय सोडत नाही. "बस," म्हणाला. "हे बघ. मी सगळं वाचलंय. तारीख बरोबर, नाव बरोबर, वय बरोबर. आणि हे इथे, तुझ्याकडचं, काळ चोवीस तास. म्हणजे तुझ्या बाजूला चोख आहे." त्यानं चोवीसखाली दुहेरी रेघ मारली होती. बाजूला बरोबरची खूण. आयुष्यात दादानं माझ्या कुठल्याच कागदावर बरोबरची खूण केली नव्हती. "म्हणजे चूक वरच्या लोकांची," तो म्हणाला. "मी त्यांना अर्ज लिहिणार आहे. त्या पोरीला कामावर ठेवलंच कुणी?" वहिनी खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होती, डोक्याला रुमाल. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही... काळे पडलात. खाऊन जा." तिला ते वाक्य एका दमात सापडलं याचा दादाला आनंद झाला. मला तिथे बसवेना. चपला घालताना मला त्या उजव्याडाव्याही कळेनात.

घरी येऊन पडलो तर डोळ्यांसमोर काचा. वहिनीच्या पहिल्या बरणीच्या काचा. ते कण रांगेतनं गेले होते, सगळ्यांच्यात, बाकीच्यांच्या वेळेवर, आणि क्षार संपायच्या आधीच्या डब्यातल्या फॉर्मॅलिनमध्ये. त्यांचा ब्लॉक संपला होता, पण त्यातून कापलेल्या नऊ रंगवलेल्या काचा मॅडमच्या कपाटात होत्या. रंगवलेल्या काचेवरूनसुद्धा पेशी खरवडून डीएनए काढता येतो. भरवसा नसतो, पण काढता येतो. मात्र त्या काचा म्हणजे रुग्णाचा कायमचा पुरावा. खरवडल्या की गेल्या. चांगला मोठा ब्लॉक हातात असताना काचा मोडायला मॅडम कशाला तयार होतील? त्यासाठी ब्लॉक वाईट आहे हे सांगावं लागणार. का वाईट आहे हे सांगावं लागणार. म्हणजे वहिनीचा इलाज नऊ काचांवर होता, आणि त्या काचांच्या कपाटाला माझ्या तोंडाचं कुलूप होतं. मी हिशेब करायला लागलो, लाज वाटते सांगायला, की न सांगता काचा कशा मिळवता येतील. मॅडमना म्हणावं, दादाचा आग्रह आहे. म्हणावं, कुठेतरी वाचलं. निवृत्तीला दहा महिने राहिलेत. अशी एकेक पळवाट मी शोधली, आणि प्रत्येक पळवाटेच्या तोंडाशी ती पिपेटवाली उभी. थँक्यू काका.

सकाळी मॅडमच्या खोलीत गेलो. बसा म्हणाल्या, मी बसलो नाही. "मॅडम, तो चोवीस तास नव्हता." त्यांनी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. "किती?" मी म्हणालो, "नऊ दिवस. आणि फॉर्मॅलिन बिनक्षारांचं. मी बाजूला ठेवून विसरलो." आता त्या वळल्या. काहीतरी बोलतील, फोडून काढतील, म्हणून मी मान खाली घातली. मला ते हवंच होतं. त्या म्हणाल्या, "पहिल्या बरणीच्या काचा आहेत?" "नऊ." "मग उभे काय राहिलात? कपाट उघडा." त्यांनी काचांचे फोटो काढून ठेवले, दोन राखल्या, सात मला दिल्या. मी वर जाऊन पिपेटवालीला आणि तिच्या सरांना सगळं सांगितलं. सर माझ्यावर तडकले, बरं वाटलं. ती फक्त "काका?" म्हणाली, प्रश्न विचारतात तसं. रंगवलेल्या काचेवर वरून एक पातळ काच डकवलेली असते. ती निघायला दोन दिवस औषधात बुडवून ठेवावी लागते. मी खुर्ची घेऊन त्या भांड्यापाशी बसून राहिलो. यावेळी मी बाजूला काहीच ठेवलं नाही. वेळा लिहिल्या, घड्याळ बघून, मिनिटांसकट. मग नव्या पात्यानं खरवडलं. सात काचांवर मिळून एका नखाएवढं काहीतरी निघालं. तिच्या डोक्यातलं.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. डीएनए पुरला होता. कुलूप होतं. गोळी चालणार होती. मॅडम खाली आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "झालं ना काम? पुढे जपा," म्हणाल्या आणि गेल्या. झालं. चौकशी नाही, मेमो नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग लक्षात आलं की खरी शिक्षा आता सुरू होतेय. कारण दादाला कळलं ते एवढंच, की मोठा ब्लॉक निकामी निघाला आणि धाकट्यानं धावपळ करून जुन्या काचांतून तपासणी घडवून आणली. त्यानं अर्ज फाडला. नातेवाइकांना एकेक करून फोन केले. "आमचा धाकटा होता म्हणून," प्रत्येकाला हेच. मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं. लोक मला भेटले की माझा हात हातात घ्यायचे. सख्खा मुलगा करणार नाही इतकं केलंत, एक मावशी म्हणाली, आणि मी तिला नमस्कार करून घेतला.

गोळ्या सुरू होऊन आठवडा झाला, त्या रविवारी दुपारी मी गेलो. दादा आतल्या खोलीत फोनवर होता. वहिनी खिडकीशी बसून लसूण सोलत होती. बोटांना काम द्या असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, बोललो नाही तर आता कधीच बोलणार नाही.

"वहिनी, तुझी दुसरी बरणी मी बाजूला ठेवली होती."

"बाजूला?" तिचा चेहरा उजळला. "माझ्यासाठी?"

"हो. सगळ्यांच्यात नको म्हणून. आणि विसरलो. नऊ दिवस. वरच्या लोकांची काही चूक नव्हती. नासवली ती मीच."

ती लसणाकडे बघत राहिली. "साय," म्हणाली.

मला वाटलं पुन्हा शब्द चुकला. "साय नाही गं, तुझ्या गाठीचा तुकडा."

"कळलं हो मला. डोकं उघडलंय माझं, रिकामं नाही केलं." ती हसली. मीही हसलो, रडू येत असताना येतं तसं. वाटलं, संपलं. सुटलो. मग तिनं डोळे बारीक केले. "पण ते... यांनी वाचून दाखवलं ते. रेघ मारलेलं. आकडा."

"चोवीस तास."

"ते कुणी लिहिलं?"

"मीच."

"नऊ दिवस होते ना?"

"सगळ्यांचंच चोवीस लिहितो, वहिनी," मी म्हणालो. तुझ्याशी म्हणून काही वेगळी लबाडी नव्हती केली, असं मला सांगायचं होतं. "सवयच आहे ती."

"सगळ्यांचं," ती म्हणाली. हातातली पाकळी तिनं वाटीत ठेवली. तिला शब्द मिळेना. तिला शब्द पुरवायची आम्हाला आता सवय झालीय, माझ्याही तोंडावर एकदोन आले, पण या वेळी तिला कुठला हवाय ते मला माहीत होतं आणि तो मी देऊ शकलो नाही. "मग ज्यांचं... माझ्यासारखं... निघत नाही?"

"त्यांनाही तोच कागद जातो. तपासणी होऊ शकली नाही, असा."

"मग ते काय करतात?"

"काय करणार. घेऊन घरी जातात."

आतून दादाचा आवाज येत होता, आमचा धाकटा होता म्हणून. वहिनीनं तिकडे मान वळवली, ऐकलं, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला कुठे बघायचं ते कळलं असतं.

"त्यांचा दीर नसतो ना तिथे," ती म्हणाली.

हे वाक्य तिला न अडखळता आलं. मग तिनं लसणाची वाटी माझ्याकडे सरकवली, "सोला," म्हणाली, आणि मी सोलत बसलो. दादा फोन संपवून बाहेर आला तेव्हा तिनं त्याला काही सांगितलं नाही. मीच सांगितलं. तो उठून आत गेला आणि दार लोटून घेतलं.

सोमवारी लवकर जाऊन मी परत आलेल्या कागदांची फाइल काढली. हा रकाना सुरू झाल्यापासूनची. 'तपासणी होऊ शकली नाही' असे, वहिनीचा सोडून, सतरा कागद निघाले. एकेकाच्या तळाशी बारीक अक्षरांत चोवीस तास. एक छत्तीस वर्षांचा होता. एक शाळेतली मुलगी होती. वरून तो कागद आला की मी सही करून फाइलला लावायचो, सतराही वेळा लावला, आणि सतराही वेळा माझे कान काही तापले नव्हते. यातले आज किती आहेत मला ठाऊक नाही. बरण्या कधी आल्या आणि यंत्रात कधी गेल्या ते आवक-वहीवरून निघत होतं. एकेक पडताळून मी पेनानं चोवीस खोडलं आणि बाजूला खरं लिहिलं, त्रेसष्ट, ब्याण्णव, एकशे दहा, आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. मग काचांच्या कपाटाची यादी काढली, कुणाच्या किती काचा आहेत. साडेनऊला मॅडम आल्या. पर्स ठेवायच्या आतच मी दारात जाऊन उभा राहिलो.

"आता काय?" त्या म्हणाल्या.

"मॅडम," मी म्हणालो, "आणखी सतरा आहेत."